माझा चार्टातला नाश्ता

मॅडम वही उघडून बसल्या आणि मी स्टुलावर पेशंट होऊन बसलो. आजारी नव्हतो. अंबडजवळच्या एका नर्सिंग हॉस्टेलात मी आचारी आहे. मुली मामा म्हणतात.

त्या दिवशी हेल्थ टॉकची परीक्षा होती. म्हणजे मुलीनं एका माणसाला समोर बसवून खाणं, व्यायाम, झोप समजावून सांगायची आणि मॅडमनी मार्क द्यायचे. कळवणची सुवर्णा यात एकदा नापास झालेली. आता गेली तर वर्ष जाणार. तिचा ठरलेला पेशंट आलाच नाही, म्हणून तिनं मला चुलीपुढून उठवून आणलं. नुसतं हो म्हणत राहा, असं बजावलं.

तिनं रंगीत चार्ट धरला. सकाळी नाश्ता करता का? हो. सात तास झोपता का? हो. दोन थापा पचल्या. मग तिनं विचारलं, रोज चालायला जाता का?

"चालायला नेणारी बायको गेली," मी म्हणालो. "दिवाळीआधी."

सुवर्णानं चार्ट खाली ठेवला. "मग जेवता कसं, मामा?"

"साठ जणींचं करतो. पातेल्याच्या बुडाला राहील ते उभ्यानं खातो."

"असं नाही चालायचं. ताट वाढून घ्यायचं. बसून जेवायचं."

मला शिकवते म्हटल्यावर माझी जीभ सुटली. "आणि तू गं? तुझे पोहे सकाळपासून मीच झाकून ठेवलेत."

मॅडमनी विचारलं तेव्हा पोरीनं कबूल केलं, की चार्ट रंगवण्यात रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. चार्टवर सगळ्यात मोठ्या अक्षरात झोपच लिहिली होती.

मला वाटलं, माझ्या तोंडानं पोरीचं वर्ष घालवलं.

मॅडमनी पेन टेकवला. "पेशंट तुझ्यापुढं खरं बोलला, एवढ्यावर पास. पण वॉर्डात चक्कर आली तर पेशंट तुला उचलणार का? जा, दोघं माझ्यासमोर खा." मग हळूच म्हणाल्या, "मामा, पोहे जास्तीचे आहेत का?"

तिघांनी गार पोहे खाल्ले.

तेव्हापासून मी ताट घेऊन बसतो. सुवर्णा माझ्यावर नजर ठेवते, मी तिच्यावर. दुसऱ्याला खा म्हणणाऱ्याचं ताट आधी बघावं, आचाऱ्याचंसुद्धा. चालायचं तेवढं राहिलंय. एकट्यानं कसं चालायचं, ते चार्टवर नाही.