सव्वाआठचा टायर

सहदेव ट्रक चालवायचा. मालवणकडचा, घाटकोपरला आग्रा रोडवरच्या एका खोलीत सात गाववाल्यांबरोबर राहणारा. मी शेजारच्या गॅरेजात टायर बसवायचो. चोपन्न-पंचावन्नची गोष्ट असेल.

तीन शिमगे तो गावी गेला नव्हता. पालखी दारात येई, त्याची बायको वनमाला एकटी ओटी भरी. त्या वर्षी मालकाने त्याला कणकवलीची फेरी दिली, कोल्हापूरवरून फोंडा घाट उतरून. सुट्टी नव्हे, फेरी. पण गाव वाटेपासून जवळ. सगळ्या खोलीने आपापली गाठोडी त्याच्याकडे आणून दिली.

निघायच्या सकाळी मागच्या जोडीतला आतला टायर फाटलेला निघाला. स्टेपनी आधीच गेलेली. आमचं माप साडेसात-वीस: साडेसात इंच रुंदी, वीस इंचाची रिंग. बाजारात तो मिळेना. मुकादम अनंत लष्कराच्या भंगारातून सव्वाआठ-वीस घेऊन आला.

"रिंग तीच ना? मग! मोठा म्हणजे जास्त दमाचा."

"जोडीत नाही चालत," मी म्हटलं. "उंच पडतो. सगळं वजन तोच घेणार."

"तू काय टायरचा भटजी? मुहूर्त काढतोस?"

सहदेव माझ्याकडे बघेना. "बसय रे मधू. शिमग्याक घराक पोचाक व्हया माका."

बसवला. टायर धरून ठेवणारी रिंगची कडी हातोड्याने ठोकून बसवायची, हवा भरायची, चाक उचलून चढवायचं; घामाचं काम, अर्धवट करता येत नाही. दोन टायरांमध्ये बोटं जात होती. मग हमालांनी सिमेंटच्या गोण्या चढवल्या.

सहदेव स्वतःच खाली वाकला. जमिनीलगत हात घालून पाहिला. ओझ्याने टायर फुगले होते. एकाला एक घासत होते. हात गेला नाही. तो तसाच बसून राहिला. मला वाटलं, आता उठेल आणि स्टेअरिंगवर बसेल.

"काढ," तो म्हणाला.

"अरे, जाशील हळूहळू!" अनंत ओरडला.

"घाटात हळूहळू फुटता काय रे, अण्णा?"

माल दशरथच्या ट्रकवर गेला. दशरथ शेजारच्या गावचा. गाठोडीही गेली. वनमालासाठी घेतलेलं लुगडं सहदेवने दशरथच्या सीटखाली सरकवलं, पुन्हा काढलं, घडी नीट केली, पुन्हा ठेवलं.

शिमगा झाला. साडेसातचा टायर मिळाला, मी बसवला, सहदेव मालाडला खडी टाकू लागला. दशरथ परतला तेव्हा तो खडी भरत होता.

"दिलंस?"

"दिलंय. गाडयेचो आवाज आयकान धावत इली ती, रस्त्यापर्यंत."

"मगे?"

"मगे काय? माका बघलान आणि थांबली."

सहदेवने फावडं तसंच धरलं होतं.

"धावत इली?"

"होय रे."

"बरी दिसत होती?"

"उन्हात होती. नीट नाय दिसली."

त्याने आणखी विचारलं नाही. ट्रक भरला, फळी लावली आणि मालाडला गेला.