पत्र्यावरच्या चार रेघा

त्या दिवशी मी मान हलवली. का हलवली, याचा राग अजून गेलेला नाही. तो मला नीट लिहिता येईल की नाही, याचीही खात्री नाही.

मुलुंडला एका निवृत्त काकांच्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये दोन माणसांचं छोटं विमान तयार होत होतं. सुटे भाग खोक्यांतून आले होते. पत्रे आखायचे, भोकं पाडायची, रिव्हेट मारून जोडायचे, हे सगळं घरी. काकांचा हात थरथरायचा, म्हणून त्यांनी माझ्या बाबांना बोलावलं. बाबांनी जन्मभर एसीच्या डक्टचं पत्राकाम केलं. गाळा बंद पडल्यापासून ते घरी बसून होते. या विमानामुळे ते पुन्हा रोज सकाळी दाढी करायला लागले होते. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. सूचनांचं जाड पुस्तक इंग्रजीत, म्हणून ते वाचून सांगायचं काम माझं.

"तू फक्त आकडे सांग गो," बाबा म्हणायचे. "पत्रो माका कळता."

पंखाच्या आत फासळ्या असतात. वरच्या पत्र्याची भोकं नेमकी फासळीच्या मध्यावर यावी लागतात, म्हणून आधी पत्र्यावर रेघा आखायच्या. बाबांनी खिशातून स्क्रायबर काढला. पेनाएवढी पोलादी सळई, टोक सुईसारखं. डक्टचा पत्रा ते त्यानेच आखत. शाईची रेघ हात लागला की पुसते, ही पुसत नाही.

पुस्तकात चौकटीत छापलं होतं की पत्र्यावर ओरखडा काढू नका, मार्करनेच आखा. पंख थरथरतो तेव्हा तडा ओरखड्यापासूनच सुरू होतो. मी ते वाचलं होतं. वहीत मराठीत उतरवूनही ठेवलं होतं. पण पत्रा कसा आखायचा, हे बाबांना मी सांगायचं? मी तोंड उघडेपर्यंत पहिली रेघ झाली. मग वाटलं, आता सांगून काय उपयोग. मी आकडे सांगत राहिले आणि चारही रेघा झाल्या. सुंदर, सरळ, चकचकीत.

काका चहा घेऊन आले. त्यांनी बॅटरी तिरकी धरून पत्रा बघितला.

"मिस्त्री, हे काय केलंत? वाट लावलीत पत्र्याची! पुस्तकात स्पष्ट लिहिलंय."

"साहेब, आमच्या कामात असंच आखतात."

"हा डक्ट नाही हो, हे उडणार आहे!" मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने, "तुझी काही चूक नाही गं. तू शिकलेली. यांना काय कळणार? उद्यापासून तू एकटीच ये. मी शिकवतो ना तुला."

आणि मी 'हो' म्हणून मान हलवली.

काका आत गेले. वाया गेलेल्या पत्र्यातून बाबांनी कात्रीने दोन पट्ट्या कापल्या. एकीवर आडवी रेघ होती, दुसरी कोरी. दोन्ही पकडीत धरून एकेक करून वाकवायला लागले. इकडे, तिकडे, इकडे. रेघेची पट्टी थोड्याच वेळात तुटली, बरोबर रेघेवर. कोरी अजून शाबूत होती. तुटलेल्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"बरोबर लिवलानी हा," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तुका ठावक होता?"

"हो."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"तुम्हाला कसं सांगू, बाबा?"

त्यांनी पट्टी टेबलावर आपटली. "तेच्यात माणूस बसतलो गो! माझो मान घेवन काय करूचो हा?"

त्यांना एवढं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं. मी वही घेऊन थेट काकांच्या दिवाणखान्यात गेले.

"काका, चूक माझी आहे. मी वाचलं होतं, सांगितलं नाही."

ते हसले. "बापाची बाजू घेतेस? चांगलं आहे."

शिकलेल्या मुलीकडून चूक होते, हे त्यांना पटेचना. मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. माझ्याच अक्षरात, वर आदल्या दिवसाची तारीख घालून : 'ओरखडा नको. फक्त मार्कर.' त्यांचं हसणं थांबलं.

"पत्रा बाबाच बसवतील," मी म्हणाले. "ते नाहीत तर मीही नाही."

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "ठीक आहे. दोघं या."

बस्स, एवढंच. बाहेर येऊन ते बाबांना एक शब्द बोलले नाहीत. गार झालेले चहाचे कप तेवढे घेऊन गेले.

नवा पत्रा यायला फार दिवस लागले. तो आला त्या सकाळी बाबांनी खिशातला स्क्रायबर काढून खिडकीत ठेवला, हातात मार्कर घेतला आणि पत्र्याला हात न लावता उभे राहिले.

"वाच."

"आकडे?"

"आकडे मगे. पयल्या ओळीपासून वाच. कायएक सोडू नको."

काका दारातच उभे होते. मी वाचायला लागले, त्यांना नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.