पितृपंधरवड्यातलं सिंगापूर

लग्नानंतर फिरायला कुठे गेलात, असं कोणी विचारलं की नवरा म्हणायचा, जायचंय अजून. मी विषय बदलायचे. लग्नाची सुट्टी सत्यनारायण, कुलदैवत आणि गोंधळ यांतच संपली होती. आम्ही दोघंही हिंजवडीत एकाच कंपनीत, सुट्ट्या मोजक्या. शनिवार-रविवार धरून गोव्याला वगैरे जाता आलं असतं, पण मला सिंगापूरच हवं होतं, तेही तिथलं मोठं थीम पार्क. ऐकणारे हसायचे. तिथे पोराबाळांना घेऊन जातात, असं माझी आईसुद्धा म्हणाली.

कारण साधं होतं. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये भिंतीपलीकडे सासू-सासरे झोपायचे. माणसं वाईट नव्हती, भिंत पातळ होती. घरात आम्ही हळू बोलायचो, हसायचोही हळू आणि भांडायचो ते कुजबुजत. कुजबुजत भांडून बघा एकदा, जीव मेटाकुटीला येतो. मला थीम पार्कातल्या त्या उलट्यापालट्या होणाऱ्या गाडीत नवऱ्याशेजारी बसून घसा बसेपर्यंत ओरडायचं होतं, आणि नंतर चार दिवस त्याच्याशी चढ्या आवाजात वाटेल ते बोलायचं होतं. दोघांचे असे चार दिवस मिळाले की पुढचं सगळं निभेल, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं.

घरी हे बोलता येत नसल्यामुळे सगळी आखणी कंपनीच्या बसमध्ये चालायची. सकाळी जाताना तो विमानं बघायचा, मी हॉटेलं. संध्याकाळी परत येताना दोघांच्याही माना कलंडलेल्या असायच्या.

पण आमच्याकडे लग्नाचं पहिलं वर्ष नवराबायकोचं नसतंच, सणांचं असतं. पहिली वटपौर्णिमा झाली. श्रावणात पहिली मंगळागौर आली. तिचा मंगळवार सासूबाईंनी परस्पर ठरवला आणि आम्ही बघून ठेवलेला आठवडा गेला. दिवाळसणाला माझ्या माहेरी नगरला जावयाला असं ठेवून घेतलं की उरलेली सुट्टीही तिथेच संपली. संक्रांतीला मला काळी साडी नेसवून हलव्याच्या दागिन्यांनी मढवलं. फोटोत मी हसतेय, पण गळ्यातल्या हाराला मुंग्या लागल्या होत्या. माझा मॅनेजर चेन्नईचा. तुमच्यात पहिले सण एकूण असतात तरी किती, असं त्याने अगदी कुतूहलाने विचारलं, आणि मी बोटांवर मोजायला लागले. वर्ष सरलं तेव्हा मी हुश्श म्हणाले, तर सासूबाईंनी सांगितलं की मंगळागौर पाच वर्षं पुजायची असते. आधी लगीन कोंढाण्याचं, दुसरं काय.

युक्ती नवऱ्यानेच काढली. गणपती गेले की घटस्थापनेपर्यंत आपल्याला कोणी म्हणजे कोणी बोलवत नाही. ना साखरपुडा, ना मुंज, ना वास्तुशांत. पितृपंधरवडा! मंगल कार्यालयं ओस, आणि घरात कसलंच पहिलं काही नाही. इतके दिवस हे सुचलं कसं नाही याचंच आम्हाला नवल वाटलं. बस भूमकर चौकात अडकलेली असतानाच तिकिटं काढून टाकली, आणि तीही रद्द न होणारी, म्हणजे कोणाला मोडता घालायला जागा नको.

आजेसासऱ्यांची तिथी त्याच दिवसांत येते, हे दोघांपैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. कॅलेंडरवर ती छापलेली नसते, ती सासूबाईंना पाठ असते. गेल्या वर्षी त्या दिवशी आम्ही ऑफिसला गेलो होतो आणि संध्याकाळी येऊन गार झालेले वडे खाल्ले होते, तरीही.

जेवताना नवऱ्याने सांगितलं. सासऱ्यांनी ताकाचा घोट घेतला, वाटी खाली ठेवली. म्हणाले, "उत्तम. पितर खाली उतरणार आणि नातू आकाशपाळण्यात वर चढणार. वाटेत गाठ पडेल." पुण्यात याला रागावणं म्हणतात.

सासूबाई मात्र काहीच बोलल्या नाहीत, आणि मला खरी धास्ती त्याचीच वाटली. वर्ष-दीड वर्ष मी मनातल्या मनात त्यांच्यावर चिडून होते. आम्हाला दोघांना एकत्र सुखाने बसू द्यायचं नाही म्हणूनच त्या एकामागून एक सण काढतात, अशी माझी खात्रीच झाली होती. आता तोंड उघडतील तेव्हा काय काय सुनवायचं ते मी तयार ठेवलं.

रविवारी सकाळी मेथी निवडायला बसलो. वर न बघता त्या म्हणाल्या, तिथीचं मी बघते, शेजारच्या वहिनी येतील वड्यांना, तुम्ही जा. भांडायची इतकी तयारी झालेली होती की मला धड आनंदही होईना. मग त्यांनी आपणहूनच सांगितलं. त्यांचंही लग्नानंतर उटीला जायचं ठरलं होतं. पहिलं वर्ष सणांत गेलं. दुसऱ्या वर्षी त्यांच्या सासूबाईंनी अंथरूण धरलं. मग माझा नवरा झाला, मग त्याची शाळा. सांगण्यात तक्रार नव्हती, भाजीचे भाव सांगावेत तसं सांगत होत्या.

मला एकदम भरून आलं. म्हटलं, "मग आता जा की, आई. आम्ही परत आलो की तुम्ही दोघं जा. मी करून देते बुकिंग."

त्यांनी वर बघितलं.

"आता जाऊन काय करू?" त्या म्हणाल्या. "चार दिवस दोघांनीच राहायचं, तर ह्यांच्याशी बोलायचं काय?"

चेहऱ्यावर दुःख वगैरे काही नव्हतं. त्यांना खरंच माहीत नव्हतं, आणि माझ्याकडे उत्तर असेल म्हणून त्या थांबल्याही होत्या. बाहेर सासरे पेपर वाचत होते. मी मान खाली घालून मेथी निवडत राहिले.

सोमवारी बसमध्ये बसल्या बसल्या नवरा सुरू झाला. तिथल्या रांगा टाळायचा वेगळा पास मिळतो, तो आधीच घ्यावा का?

"ते राहू दे," मी म्हटलं. "दुसरं काहीतरी बोल ना."

"दुसरं काय?"

"काहीही. सिंगापूर सोडून."

त्याने फोन खिशात ठेवला. वाकडच्या अलीकडे बस रांगेत उभी होती. तो मनापासून आठवून बघतोय ते दिसत होतं, आणि मीही आपल्याकडे काही सापडतंय का ते शोधत होते. बस जराशी हलली, पुन्हा थांबली.

"आज डब्यात काय आहे?" शेवटी त्याने विचारलं.

मी सांगितलं, आणि तो पुढे काही विचारेल म्हणून वाट बघत बसले.