ओट्यावरून ऐकलेला निबंध

माझा निबंध आत वाचला जात होता आणि मी बाहेर ओट्यावर बसलो होतो. वाचत होते एक वकील. डोंबिवलीला आमच्या प्राध्यापकांच्या घरी दर रविवारी तत्त्वज्ञानाचं मंडळ भरायचं. रीत अशी, की ज्याचा निबंध त्याने बैठकीत पाटावर बसून वाचायचा आणि मग सगळ्यांनी त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडायचं. माझ्यासाठी रीत बदलली.

"आमची आई फार सोवळ्याची रे," सरांनी दारातच खालच्या आवाजात सांगितलं. "मला काही वाटत नाही. पण घरात तिचं चालतं. तू इथेच बस, खिडकी उघडी ठेवतो."

मी बसलो. अस्पृश्यता कायद्याने गेली होती. त्यामुळे आता कुणी तोंडावर 'महारा, लांब हो' म्हणत नव्हतं. आता कारणं सांगायचे. घरात पाहुणे आहेत. जागा नाही. कप घासायचे राहिलेत. कुणी कारण दिलं की मी ते उलटंपालटं करून बघायचो. एम. ए.ला तर्कशास्त्र शिकलो, पण संशय घ्यायला त्याच्या कितीतरी आधी शिकलो होतो, कल्याणच्या आमच्या वस्तीत. या कारणाकडे मात्र मी नीट पाहिलं नाही. ठाण्याच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या लेक्चररची जागा निघाली होती आणि शिफारस सरांची लागणार होती. वडील रेल्वे यार्डात कोळसा उपसायचे. एवढं शिकून तुझा पोरगा करणार काय, असं लोक त्यांना विचारायचे. वडिलांना उत्तर म्हणून द्यायला माझ्याकडे ही एकच जागा होती.

निबंधाचा विषय शब्दप्रमाण. विश्वासू माणूस सांगतो म्हणून एखादी गोष्ट खरी मानावी का? मानावी, असं मी लिहिलं होतं. आतून 'वा, वा' ऐकू आलं. मग प्रश्न सुरू झाले आणि उत्तरंही वकीलच देऊ लागले. चुकीची. माझ्या नावावर. मी खिडकीतून हात वर केला. कुणी पाहिला नाही. किंवा पाहिला.

तेवढ्यात सरांची आई शेजारून परत आली. मला पाहून थबकली.

"इथे डासांत का रे बसलास?"

"तुमच्या सोवळ्यासाठी."

"माझं सोवळं स्वयंपाकघरात. बैठकीत कोण बसतं, हे मला कधी कुणी विचारलंय?"

एवढं बोलून ती अंग चोरत, लांबून मागच्या दाराकडे गेली. तीही काही साधी नव्हती. पण खोटं बोलायचं तिला कारण नव्हतं.

सरांनी कायद्याला भ्यायचं आणि म्हातारीच्या पदराआड लपायचं! मी उठलो, आत गेलो, वकिलांच्या हातातले कागद घेतले.

"निबंध माझा आहे. प्रश्न मला विचारा."

कुणीतरी सतरंजीवरून मागे सरकलं. सर हसत म्हणाले, "अरे, जरा सबुरीने. कॉलेजचं अजून ठरायचंय."

"आईंना विचारून आलोय, सर."

सरांचं हसू गेलं. मी पाटावर बसलो आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. वकील उठले. त्यांच्यामागून आणखी दोघं. सर मान खाली घालून बसून राहिले. स्वतःच्या घरातून जाणार कुठे? मी शेवटपर्यंत वाचलं. निष्कर्ष तेवढा तिथल्या तिथे खोडला आणि सांगितलं, की विश्वासू कोण हे ऐकणाऱ्याने तपासून ठरवावं. कुणी प्रश्न विचारला नाही.

जागा दुसऱ्याला मिळाली. त्याचंही कारण मला सांगण्यात आलं, फार गोड शब्दांत.

आता मी कल्याणच्या एका शाळेत शिकवतो. संध्याकाळी वस्तीतल्या मुलामुलींना इंटरचं तर्कशास्त्र. लोक म्हणतात, सोड तो विषय, वकिली कर. नाही सोडणार. कॉलेजात जागा निघाली की अर्ज करणार, दरवेळी. शिफारस आणणार नाही. नाकारलं तर कारण विचारणार, चारचौघांत, तोंडावर. आणि खोटं असलं तर तिथेच उभं राहून खोटं म्हणणार.