टेबलावर शहाणा टॅबलेट

"मॅडम, टेबलावर ठेवला का यो शाना होतो. हातात घेतला का याला येड लागतं."

रमाकांत भोईर काउंटरपाशी उभे राहून हे तिसऱ्यांदा सांगत होते. माझ्यासमोरच्या स्क्रीनवर त्यांच्या आधीच्या दोन फेऱ्यांचा निकाल होता : नो फॉल्ट फाउंड. म्हणजे तपासलं, बिघाड सापडला नाही, घेऊन जा. हे तीन शब्द आमच्या धंद्यात फार लाडके आहेत. ते टाइप केले की जॉब बंद होतो, महिन्याचं टार्गेट पुढे सरकतं आणि ग्राहक आपोआप खोटारडा ठरतो.

मी पनवेलला एका कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सीनियर टेक्निशियन आहे. सुरुवात केली तेव्हा टीव्ही उचलायला दोन माणसं लागायची. आता आमच्या कंपनीचा नवा टॅबलेट इतका पातळ आहे की पोस्टरवरची मुलगी तो दोन बोटांत धरून हसते. ही पातळपणाची हौस नेमकी कोणाची, मला आजवर कळलेलं नाही. "मॅडम, माझा टॅबलेट फार जाड झालाय हो," अशी तक्रार घेऊन आमच्या काउंटरवर एकही माणूस आलेला नाही.

भोईर तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात कंत्राटी ऑपरेटर. वय पन्नाशीच्या आसपास. काम असं, की दर दोन तासांनी टाक्यांचा राउंड मारायचा, शिडीवर चढायचं, गेजवर टाकीची पातळी बघायची आणि आकडा जागच्या जागी नोंदवायचा. आधी वही होती. मग कारखान्याला डिजिटल व्हायची लहर आली आणि सगळ्यांना हे टॅबलेट मिळाले.

आठवड्यापूर्वी भोईरांनी एका टाकीचा आकडा चुकीचा टाकला. तीनच्या जागी आठ. टाकी भरलेली आहे असं समजून पंप बंद राहिला आणि पुढची बॅच अडकली. चौकशी झाली. भोईर म्हणाले, आकड्यांवर लाटा येतात, काय टाकलं ते परत वाचता येत नाही. शिफ्ट इन्चार्जने टॅबलेट ऑफिसच्या टेबलावर ठेवला. स्क्रीन काचेसारखी स्वच्छ. साहेबांनी निकाल दिला : तू न बघता आकडे ठोकतोस आणि वर मशिनवर ढकलतोस.

"शनवारपर्यंत कंपनीचा लेखी रिपोर्ट आनायचा," भोईर म्हणाले. "नायतर गेटपास बंद. सोळा वर्सं झाली मना तिकडं."

खरी गोची ही होती की मी काय लिहिणार? नो फॉल्ट फाउंड लिहिलं तर भोईर खोटं बोलले. "कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज", म्हणजे ग्राहकाने हाताळताना बिघडवलं, असं लिहिलं तर भोईरांनी कारखान्याची वस्तू मोडली. दोन्हीकडून घरी तेच बसणार होते. बिघाड कंपनीचा आहे असं लिहायचं तर हेड ऑफिसची मंजुरी लागते, आणि ती मिळण्यापेक्षा पनवेलच्या पुलाखाली पार्किंग मिळणं सोपं.

आमची तपासायची पद्धत आधी सांगते. टॅबलेट एका रबरी चटईवर सपाट ठेवायचा. मनगटाला वायरचा पट्टा बांधायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज आतल्या सर्किटला इजा करत नाही. मग टेस्टचं सॉफ्टवेअर लावायचं. लाल, हिरवा, निळा, पांढरा रंग येतो, 'पास'ची हिरवी खूण उमटते, झालं. या सगळ्यात टॅबलेट उचलायचा नसतो, तसा नियमच आहे. जी वस्तू दिवसभर हातात धरण्यासाठी केलेली आहे, ती आम्ही हातात न धरता पास करत होतो. आधीच्या दोन्ही रिपोर्टवर सही माझी होती. मला आपण काही चूक करतोय असं वाटलंही नव्हतं, इतकी मी सवयीची गुलाम.

"दादा, तुम्ही हा धरता कसा? दाखवा बघू," मी म्हणाले.

एवढा साधा प्रश्न त्यांना कोणीच विचारला नव्हता. त्यांनी उजव्या हाताने आमच्या दाराची कड पकडली आणि डाव्या हाताने टॅबलेट एका बाजूने धरला, अंगठा काचेवर. "शिडीवर एक हात कायम कठड्याला पायजे. सेफ्टीचा रूल हाय. आनि अंगठ्यानी टाइप करायचं."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बघितलं. अंगठ्याजवळून एक काळपट डाग निघाला होता आणि त्याच्या लाटा मधल्या आकड्यांपर्यंत पोचल्या होत्या. मधले तीन आणि आठ सारखेच दिसत होते. त्यांनी टॅबलेट काउंटरवर ठेवला आणि दोन क्षणांत सगळं जिथल्या तिथे.

यात जादू काही नाही. अशा स्क्रीनमध्ये दोन पातळ काचा असतात आणि त्यांच्यामध्ये एका द्रव पदार्थाचा थर. त्या दोन काचांमधलं अंतर सगळीकडे सारखं असेल तरच चित्र नीट दिसतं. चौकट जाड असेल तर हाताचा जोर ती सोसते. इथे चौकट नावालाच होती. हाताने धरली की बॉडी वाकते, आतली काच दबते, द्रव बाजूला सरकतो. पाण्याच्या पिशवीवर अंगठा ठेवावा, तसं.

आमचे सेंटर मॅनेजर सलील सर केबिनमधून बाहेर आले. वय तिशी, डिग्री मोठी, स्क्रू ड्रायव्हर हातात धरलेला मी तरी पाहिलेला नाही. त्यांनी एकदा टॅबलेटकडे बघितलं, एकदा भोईरांकडे.

"ताई, हात बघा ना त्यांचे. टॅबलेट आहे हा, कुदळ नाही. कस्टमर डॅमेज टाका आणि मोकळ्या व्हा."

भोईरांनी ते ऐकलं आणि दोन्ही हात काउंटरच्या खाली घेतले. मला त्या क्षणी जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

मी मनगटाचा पट्टा काढला आणि टॅबलेट एका हाताने उचलला. माझे हात नाजूक नसले तरी कुदळीचेही नाहीत. लाटा आल्या.

"हा पीस त्यांनी वापरून वापरून सैल केलाय," सलील सर म्हणाले.

"मग नवा बघू."

बाहेर शोरूममध्ये डेमो पीस असतो. तो स्टँडला चिकटवलेला आणि वायरने बांधलेला, चोरी होऊ नये म्हणून. म्हणजे विकत घेणाराही तो उचलून बघू शकत नाही. मी चावी मागितली. सरांनी खिसे चाचपले, फोन बघितला, शेवटी दिली. टॅबलेट सोडवून मी त्यांच्याच हातात ठेवला.

"सर, पोस्टरमधल्यासारखा धरा."

त्यांनी धरला. त्यांचे हात साय लावल्यासारखे मऊ, त्यामुळे कुदळीचा प्रश्न नव्हता. स्क्रीनच्या कडेला लाटा उठल्या आणि कंपनीचा लोगो बुडाला. सर म्हणाले, "ब्राइटनेस कमी करून बघू या का?"

मी हेड ऑफिसच्या क्वालिटीवाल्या साहेबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांना दोन्ही पीस धरून दाखवले. साहेब जराही दचकले नाहीत. म्हणजे त्यांना हे आधीपासून ठाऊक होतं.

"मॅडम, कस्टमर को बोलिए दोनों हाथ से पकडे."

"सर, वो सीढी पे खडा रहता है. दोनों हाथ टॅबलेट को लगाएगा तो सीढी कौन पकडेगा?"

"वो हमारा यूज केस नहीं है."

यूज केस म्हणजे कंपनीने गृहीत धरलेला वापर. कंपनीच्या गृहीतात बहुधा सोफा होता, कॉफी होती आणि शिडी नव्हती.

"तो सर, मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट लिखूँ?"

आता मात्र साहेब जागे झाले. "बिलकुल नहीं! ये डिफेक्ट है ही नहीं. थिन बॉडी में पकडने पर इतना डिस्टॉर्शन नॉर्मल है. हर पीस में आएगा. विदिन स्पेसिफिकेशन है."

मला हवं होतं ते त्यांनी ताटात वाढून दिलं होतं. मी अगदी नम्र आवाजात म्हणाले, "सर, बस यही मेल पे दे दीजिए."

साहेबांनी दहा मिनिटांत मेल पाठवला. वॉरंटी वाचवली म्हणून खूश असावेत. मेलमध्ये स्पष्ट होतं : एका हाताने धरल्यास चित्रात विकृती येणे हे या मॉडेलच्या सर्व पीसमध्ये अपेक्षित आहे. त्यास वापरणारा जबाबदार नाही. शेवटचं वाक्य मी मुद्दाम विचारून घालून घेतलं होतं. मी रिपोर्ट लिहिला, मेलची प्रिंट जोडली आणि भोईरांच्या हातात दिली. सलील सरांनी सही करताना पेन दोनदा थांबवलं, पण हेड ऑफिसच्या मेलला ते नाही म्हणू शकत नव्हते.

पुढच्या आठवड्यात भोईर सुट्टीच्या दिवशी आले. गेटपास चालू झाला होता. कारखान्याने रिपोर्ट मिळाल्यावर बाकीच्या ऑपरेटरना विचारलं, तेव्हा कळलं की लाटा सगळ्यांनाच दिसत होत्या. सगळे आकडा डोक्यात ठेवून खाली उतरायचे आणि टॅबलेट मांडीवर ठेवून टाकायचे. नियमाप्रमाणे शिडीवर उभं राहून नोंद करणारे भोईर एकटेच होते, म्हणून चूकही एकट्या त्यांच्याच हातून झाली. आता राउंडला पुन्हा वह्या दिल्या आहेत. इन्चार्ज माफीबिफी मागायच्या भानगडीत पडले नाहीत.

"ताई, एक काम व्हतं. तो रिपोट इंग्रजीत हाय. जरा मराठीत लिवून द्याल?"

"आता कशाला? काम तर परत मिळालं."

भोईर घुटमळले. "घरात दाखवायला. बायकोला वाटतंय सायबानी दया करून घेतला. मी न बघताच आकडा टाकला, असंच हाय तिच्या मनात. बोलत नाय, पन हाय."

मी लेटरहेड काढलं आणि लिहिलं : रमाकांत भोईर यांनी आकडा नीट बघितला होता, टॅबलेटने तो नीट दाखवला नाही. सही केली, शिक्का मारला. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून वरच्या खिशात ठेवला आणि खिशावर हात ठेवूनच बाहेर पडले.

कारखान्याला पटवायला हेड ऑफिसचा मेल लागला, घरच्यांना पटवायला शिक्का लागला. माणूस पहिल्या दिवसापासून तोंडाने सांगत होता, ते कोणालाच पुरलं नाही. दोन वेळा तर मलाही पुरलं नव्हतं.