सायकलवाल्याची भुरी

“जळायला काय झालंय मला? मीच आणली ना धाकट्या जावेला या कामावर? दिराचं काम सुटलं तेव्हा डोळ्यांना पदर लावून बसली होती. मीच म्हटलं, चल माझ्याबरोबर. आता बाईसाहेब पुढं आणि मी पिंजरे उचलायला.”

गाडीतून पिंजरे उतरवताना थोरली हे ड्रायव्हरला ऐकवत होती. तो म्हणाला, “मावशी, राग पिंजऱ्यावर काढू नका. आत मांजर आहे.”

गाडी म्हणजे फिरता दवाखाना. जनावरांचा डॉक्टर जिथं कधी फिरकत नाही अशा वस्त्यांत जाऊन थोडक्या पैशांत कुत्र्यामांजरांची नसबंदी करायची. दारोदार फिरून लोकांना पटवायचं आणि शिबिराच्या दिवशी जनावरं धरायची, हे थोरलीचं काम. अकरा वर्षं झाली. मनगटावर दातांच्या खुणा आणि तोंडात एकच भाषा, दरडावणीची. “पुन्हा सहा पिल्लं झाली की पोत्यात घालून कुठं सोडणार, ते आधी सांग.” लोक कटकट टळावी म्हणून हो म्हणायचे.

धाकटी जाऊ चार महिन्यांपूर्वी आली. ती उंबऱ्यावर बसायची, कुत्र्याचं नाव विचारायची, घरातल्यांची दुखणी ऐकायची. निघेपर्यंत घरवालेच विचारायचे, कधी आणू?

सायकली दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यानं थोरलीला तीन वर्षं दारातूनच परत पाठवलं होतं. त्याची भुरी कुत्री वर्षाला दोनदा व्यायची. धाकटीनं त्याला एका संध्याकाळी तयार केलं. त्या रात्री दोघी जावा एकाच ओट्यावर राबल्या. थोरली चकार शब्द बोलली नाही. भांडी मात्र खूप बोलली.

आज शाळेच्या मोकळ्या वर्गात शिबिर होतं. थोरली जनावर तोलायची, गळ्यात नंबराची पट्टी बांधायची. ऑपरेशनच्या जनावराला रात्रीपासून खायला द्यायचं नसतं. भरल्या पोटी भूल दिली तर ओकारी श्वासात अडकते, जनावर टेबलावरच जातं. विचारलं की सगळेच म्हणतात, काही नाही दिलं. म्हणून थोरली थोबाड धरून ओठाच्या कोपऱ्याशी नाक नेते. अकरा वर्षांत एकदाही चुकली नव्हती. ही खुबी तिनं धाकटीला शिकवली नव्हती. मुद्दाम नव्हती शिकवली.

भुरीला धाकटीनंच तोललं, पट्टी बांधली. “आजोबा, उपाशी आहे ना?” म्हातारा म्हणाला, “हो, पोरी.” भुरी थोरलीच्या पुढून टेबलाकडे निघाली आणि दुधाचा आंबूस वास आला.

थोरली जागची हलली नाही. जाऊ दे, असं तिच्या मनात आलंच. कुत्री गेली तर नाव धाकटीचं खराब होईल, वस्तीत पुन्हा कुणी तिला उंबऱ्यावर बसवणार नाही. गाडीबरोबर आलेल्या डॉक्टरीणबाईंनी भुलीची सुई भरली. भुरीनं धाकटीचा हात चाटला.

“थांबा. हिनं खाल्लंय,” थोरली म्हणाली.

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. पहाटे कुत्री तोंडाकडे बघत बसली, म्हणून दूध-पाव दिला होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला पुढची तारीख दिली. तो जाताना म्हणाला, “मी देईन. पण न्यायला हीच पोरगी येऊ दे.” थोरलीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. “हे वासाचं हिला सांगितलं नव्हतं?”

थोरली पट्ट्यांचा गुंडा शोधत राहिली. धाकटी पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाली, “ताईंना विचारायचं माझ्याच डोक्यात आलं नाही.” तिनं असं पांघरूण घालावं, याचाच थोरलीला जास्त राग आला.

पुढचा नंबर उशीच्या खोळीत गुंडाळलेल्या बोक्याचा होता. थोरलीनं त्याची मान धरली.

“ये इकडं. वाक. ओठाच्या कोपऱ्याशी नाक ने. काय येतं?”

धाकटीनं दोनदा हुंगलं. “काहीच नाही येत, ताई.”

“मासळी खाल्लीय यानं, भरपूर,” थोरली एकदाच हुंगून म्हणाली. शिकवूनही हे नाक लगेच कुणाला येणार नव्हतं; तिला सकाळपासून पहिल्यांदाच जरा बरं वाटलं. तिनं बोका पुन्हा खोळीत कोंबला, मालकिणीच्या हातात दिला आणि दाराकडे बघून हाक मारली, “पुढचा कोण? तोंड धरून आणा.”