मामूंच्या नऊ वह्या

मेलेल्या माणसांशी इतकी घसट असलेला जिवंत माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. नात्याने ते माझ्या बायकोचे मामू. सौदीतल्या खमीस मुशैतमध्ये एसी दुरुस्तीच्या दुकानात त्यांची अडतीस वर्षं गेली, पण ती नोकरी त्यांनी इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, चालू राहावा एवढ्यासाठीच केली असं माझं मत आहे. त्यांचं खरं काम जमातीच्या वह्या लिहिण्याचं. रत्नागिरीकडच्या आमच्या एका गावातून इथे आलेल्यांनी एकमेकांच्या अडीअडचणीसाठी ही जमात काढली होती. कोणी आजारी पडला, कोणाला कफील मालकाने कामावरून हाकललं, कोणी वारला, की जमात धावायची. नाव नोंदवताना बापाचं, आजाचं, पणजाचं नाव, मोहल्ला आणि घराची खूण सांगावी लागे. उद्या काही बरंवाईट झालं तर निरोप भलत्याच दारात जाऊ नये म्हणून. अशा नऊ वह्या भरल्या आणि गावातही कोणाकडे नाही अशी गावाची वंशावळ खमीसमधल्या एका खोलीत, लोखंडी कपाटात जमा झाली.

मामू नव्या माणसाला ‘कसा आहेस’ असं कधी विचारत नसत. "कोणाचा तू?" एवढंच. मी विमानतळावर उतरलो तेव्हा म्हणालो, "इब्राहिमचा." तर म्हणाले, "गावात इब्राहिम अकरा आहेत. पुढे बोल." पणजोबांपाशी मी अडकलो. त्यांचं नाव मामूंनीच मला सांगितलं, वर ते आंब्यावरून पडून लंगडे झाल्याचंही सांगितलं. "तू चालतोस तसाच." प्रवासात माझा पाय आखडला होता, पण हे सांगायची हिंमत झाली नाही.

एकदा इथेच एका लग्नाची बोलणी पक्की होऊन खजूर वाटले जात होते. मामू उठून उभे राहिले. "हे लग्न होत नाही. मुलीची आई बाळंतपणात तापाने फणफणली होती तेव्हा महिनाभर मुलाच्या आईने हिला पाजलंय. दूधभाऊ आहे तो हिचा. चौथी वही काढा." वही काढली, नोंद निघाली. खलास! मुलीच्या बापाने दोन वर्षं त्यांच्याशी अबोला धरला. मुलीने मात्र गुपचूप ताइफच्या गुलाबपाण्याची बाटली पाठवली. तिला तो मुलगा मुळीच पसंत नव्हता.

इथल्या कबरींवर नावं नसतात. डोक्याशी एक दगड, बस्स. म्हणून प्रत्येक दफनानंतर लोक परत फिरले की मामू फाटकापासून ओळी मोजत, भिंतीपासून दगड मोजत आणि आकडे वहीत लिहीत. लोक हसायचे. "मामू मेलेल्यांची हजेरी घेतायत."

मग जमातीवर नवी मंडळी आली. शिकलेली, कामसू पोरं. त्यांनी प्रत्येकाचं नाव, इकामा नंबर आणि मोबाइल कॉम्प्युटरवर चढवला. खोली बदलताना कपाट जड म्हणून विकलं आणि वह्या कचऱ्याच्या पेटीत गेल्या. मामू तेव्हा रजेवर गावी होते. परत आल्यावर त्यांनी विचारलं तर नवा सेक्रेटरी नम्रपणे म्हणाला, "अंकल, डोन्ट वरी, सगळा डेटा सेफ आहे."

"पणजे कुठे आहेत?" मामूंनी विचारलं.

"त्यांना कॉन्टॅक्ट कोण करणार, अंकल?"

मामू त्यानंतर जमातीच्या खोलीची पायरी चढले नाहीत.

पुढच्याच हिवाळ्यात मुंब्र्याची एक बाई नवऱ्याबरोबर उमऱ्याला आली आणि मक्केहून बसने थेट खमीसला मामूंकडे पोचली. ती पोटात असताना तिचा बाप इथे वारला होता. आईने दुसरं लग्न केलं, बापाच्या माणसांनी पाठ फिरवली. तिला बापाच्या नावापुढे काहीच माहीत नव्हतं. मामूंनी डोळे मिटले आणि आजा, पणजा, मशिदीच्या उतारावरचं घर, सगळं घडाघडा सांगितलं. "तुझ्या बापाची बहीण, तुझी फुफी, जिवंत आहे. जा तिच्याकडे, माझं नाव सांग." बाई ओंजळीत तोंड लपवून रडली. मग म्हणाली, "मामू, अब्बांची कबर?"

बायकांना कब्रस्तानात सोडत नाहीत. ती फाटकाबाहेर नवऱ्याचा हात धरून उभी राहिली. मी मामूंबरोबर आत गेलो. ते ओळी मोजू लागले, थांबले, मागे आले, पुन्हा मोजू लागले. शेवटी एका दगडापाशी उभं राहून त्यांनी हात उंच केला. बाईने तिथूनच दोन्ही हात पसरून दुआ मागितली.

गाडीत मी हळूच विचारलं, "तीच कबर होती ना?"

"आकडा वहीत होता," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "कोणाची होती ती, अल्लाला ठाऊक. आयुष्यात पहिल्यांदा मी माणूस चुकीच्या दारात सोडला."

दोन महिन्यांत त्यांनी कायमचं परत जाण्याचे कागद केले. सेक्रेटरीने शाल दिली, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. मामू आता गावी असतात. ती बाई दर ईदला मला निरोप पाठवते. तिची फुफी तिला भेटली. डोळे मिटले की अब्बांची जागा तिला स्वच्छ दिसते. मामूंना सलाम सांगा. मी तो निरोप तसाच पुढे पाठवतो. तो वाचल्याच्या दोन निळ्या खुणा लगेच उमटतात. उत्तर अजून एकदाही आलेलं नाही.